मान खाली घालून पाणी पिताना

प्रिय राहुल आणि सुजाता,

गेल्या डिसेंबरात तुम्ही बारामतीला आला होतात, तेव्हा एका सकाळी स्वयंपाकघरात सुजाताने मला विचारलं होतं, "आजी, तू रोज ग्लासाला नमस्कार का करतेस?" मी पाणी पीत होते. तोंडात घोट असताना मी बोलत नाही. मी हाताने तिला थांब म्हटलं, घोट गिळला आणि "सवय आहे" असं सांगितलं. तेवढ्यात राहुलला अंगणात मांजर दिसलं आणि विषय संपला.

ते उत्तर अर्धवट होतं. सव्वीस वर्षं मी मुलींच्या वह्या तपासल्या, अर्धवट उत्तराला कधी पूर्ण मार्क दिले नाहीत. शिवाय मागच्या आठवड्यात पिंपळीहून एक सून माझ्याकडे आली. तिच्या सासूला माझ्यासारखंच झालं आहे आणि बारामतीत एक मास्तरीणबाई आहेत, त्यांना विचार, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. दीड तास मी तिच्याशी बोलले. ती गेल्यावर लक्षात आलं, परक्या घरच्या सुनेला सगळं सांगितलं आणि स्वतःच्या नातवंडांना काहीच सांगितलेलं नाही.

म्हणून लिहिते आहे. वाचायला जड गेलं तर आई वाचून दाखवेल. इंग्रजीत लिहिता आलं असतं, आयुष्यभर तेच शिकवलं. पण या गोष्टीतली माणसं इंग्रजीत बोलत नाहीत. त्यांचं बोलणं मी बदलणार नाही.

इंदापूरचा चहा

चौऱ्याण्णव सालचा जानेवारी होता. मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. इंदापूरच्या ज्या शाळेत माझी सगळी नोकरी झाली, तिथे बक्षीस समारंभाला मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. सकाळपासून उचकी लागली होती, ती काही केल्या थांबत नव्हती. स्टेजवर उभी राहिले तर समोरच्या मुलींच्या रांगा एका बाजूला कलल्यासारख्या दिसल्या. मी टेबलाची कड धरून भाषण पूर्ण केलं. वीस मिनिटं ठरली होती, वीसच बोलले.

नंतर ऑफिसात चहा आला. पहिला घोट घेतला आणि तो नाकातून परत आला. पांढऱ्या साडीवर चहाचा हा एवढा डाग. सगळ्यांना वाटलं, ठसका लागला. मी पदराने तोंड पुसलं आणि दुसरा घोट घेतला, कारण एकदा चुकलं तर पुन्हा करून बघायचं, हे मीच त्या शाळेत शिकवलेलं. तोही परत आला. "काही नाही झालं" असं म्हणायला तोंड उघडलं, तर आवाज माझा नव्हताच. घसा बसलेल्या कोंबड्यासारखा कसला तरी आवाज आला.

तुमचे आजोबा बरोबर होते. त्यांनी कुणाची तरी जीप मागून घेतली आणि मला बारामतीला आणलं. दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी मला हात वर करायला लावले, पाय उचलायला लावले, चालवून बघितलं. सगळं ठीक. मग घशात बॅटरी मारून बघितलं आणि ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. डॉक्टर उभ्याने बोलायचा थांबून बसला, की बातमी वाईट असते.

मेंदूच्या मागच्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. गावाकडे ज्याला अंगावरून वारं गेलं म्हणतात, तेच. पण माझे हातपाय वाचले होते. गेलं होतं ते गिळणं. घशाची डावी बाजू काम करत नव्हती. किती दिवस, असं आजोबांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येणार नाही. काहींचं महिन्यात परत येतं, काहींचं येत नाही. तोपर्यंत तोंडाने काही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

नळी

नाकातून पोटात नळी घातली. घालताना काय होतं ते लिहीत नाही. एकदा होतं आणि सोसता येतं. दर दोन तासांनी सिस्टर मोठ्या पिचकारीने त्यातून दूध, डाळीचं पाणी, गाळलेली पेज सोडायच्या. पोट भरायचं, पण जेवल्यासारखं काही वाटायचं नाही.

माणूस दिवसभर नकळत स्वतःची थुंकी गिळत असतो. हे मला साठाव्या वर्षी कळलं, कारण ती गिळता येईना. उशाशी वाटी आणि धुतलेल्या फडक्यांची चळत ठेवावी लागे. सगळ्यात जास्त लाज मला त्या थुंकीची वाटली. वॉर्डातल्या मावशींनी ती लाज घालवली. दर तासाला येऊन वाटी उचलायच्या, जणू रिकामा कपच उचलतायत. दुपारी सगळ्यांची जेवणं आली की त्या कोथिंबिरीची काडी चुरगळून माझ्या नाकाशी धरायच्या आणि पुढच्या खाटेकडे जायच्या. त्यांचं नावही मी विचारलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

आवाज बसलेला म्हणून मी पाटीवर लिहून बोलायचे. तुमचे आजोबा कालवा निरीक्षक होते. कोणत्या चारीला कधी पाणी सोडायचं, कुणाची पाळी कधी, याच्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी मला माझा आजार डॉक्टरांपेक्षा सोपा करून सांगितला.

"बाई, तुझ्या गळ्यात दोन चाऱ्या हायत. एक पोटाकडं जाती, एक छातीकडं. मधलं दार अडकलंय. पाणी आलं की वाट दिसंल तिकडं धावतंय."

मी पाटीवर लिहिलं, "मग इन्स्पेक्टरसाहेब काय करणार?"

"अर्ज करा. पाहणी हुईल."

भेटायला माणसं यायची. काहींना मी आजारी वाटतच नव्हते. "वारं गेलं म्हनत्यात, पण हातपाय तर चांगलं हालत्यात," असं एक बाई माझ्यासमोरच दुसरीला म्हणाल्या, जणू मी बहिरीही झाले होते. बहुतेक जण शहाळं घेऊन यायचे आणि दोन चमचे पाजल्याशिवाय त्यांना जावंसं वाटायचं नाही. आजाऱ्याच्या तोंडात पाणी घातलं की आपण काही केलं, असं आपल्याकडे वाटतं. आजोबा प्रत्येकाच्या हातातून चमचा काढून घ्यायचे आणि वाईटपणा घ्यायचे.

पंगत

तीन आठवड्यांनी मला घरी सोडलं, नळीसकट. नळी नाकावर चिकटपट्टीने लावलेली, टोक कानामागे.

फेब्रुवारीत वडगाव निंबाळकरला माझ्या भाचीचं लग्न होतं. सगळ्यांनी गृहीत धरलं की मी येणार नाही. मी गेले. त्रिसरण, पंचशील झालं, वधूवरांनी हार घातले, पंगती बसायला लागल्या. नात्यातल्या एक बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बाई, तुम्ही आत पडा की जरा. पोरं भ्यात्यात नळीला."

पोरं घाबरत नव्हती. दोन पोरं तर माझ्यासमोर उकिडवी बसून नळी कुठून कुठे जाते ते बोटाने हवेत काढत होती. मी पाटी काढली आणि लिहिलं, "मी पंगतीतच बसणार. माझं पान वाढा." पान वाढलं. बुंदी, मसालेभात, वांग्याची भाजी. मी त्यातलं काही तोंडात घातलं नाही. वास घेतला. मग पिशवीतून माझी पिचकारी काढली आणि आजोबांनी सगळ्यांसमोर मला नळीतून पेज दिली. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "गोड हाय का?" मी मान हलवून नाही म्हटलं. "मग बुंदी वाया चालली," असं म्हणून त्यांनी माझ्या पानातली बुंदी उचलली. त्या दिवसात माझ्याशी सरळ वागलेला तो पहिला माणूस.

लपून बसायचं नाही, हे मला कुणी आजारपणात शिकवलं नाही. ते माझ्या वडिलांनी शिकवलं होतं. आता त्यांच्याबद्दल लिहायला हवं.

आबांचा तांब्या

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत व्हरांड्यावर पाण्याचा माठ होता. आमच्या वस्तीतली आम्ही तीन मुलं पायरीच्या खाली. माठाला हात लावायचा नाही. तहान लागली की शिपायाची वाट बघायची. तो वरून पाणी ओतायचा, आम्ही ओंजळ तोंडाला लावून, मान खाली घालून प्यायचो. त्याला घाई असली की तहान भागायच्या आधीच धार थांबायची. पिताना दिसायचे फक्त स्वतःचे पाय आणि त्यावर उडालेला चिखल. मी सात वर्षांची होते.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पलटणीत नोकरी करून आले होते. त्यांनी मला पुण्याला बोर्डिंगात ठेवून शिकवलं. छप्पन्न साली ते नागपूरहून दीक्षा घेऊन परतले, तेव्हा मी सुट्टीला घरी होते. त्यांच्या हातात एक नवा पितळी तांब्या होता. त्यांनी आम्हा सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि म्हणाले, "आजपास्नं ह्या घरात कुणी मान खाली घालून पाणी प्यायचं न्हाय. तांब्या आपल्या हातात घ्यायचा, मान वर करायची, मग प्यायचं."

एकेक जण प्याला. माझ्या आजीची पाळी आली. जन्मभर ओंजळीने प्यालेली बाई. तिने मान वर केली, धार सोडली आणि तिला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. "आरं, मान वर केल्यावर नाकात जातंय की," ती म्हणाली. सगळे हसले, आबासुद्धा. पण नियम राहिला. आबांच्या मागे तो तांब्या माझ्याकडे आला. अडतीस वर्षं मी तो नियम पाळला. ग्लास असो, तांब्या असो, मान वर.

चूक

मार्चातली दुपार. नळीतून पाणी मिळत होतं, शरीराला कमी पडत नव्हतं. पण पोटाची तहान वेगळी आणि जिभेची वेगळी. जीभ लाकडासारखी झाली होती. मी पाटीवर "पाणी" असं लिहिलं. आजोबांनी पेपर खाली ठेवला आणि मानेनेच नाही म्हटलं. मी त्या शब्दाखाली रेघ मारली. मग दुसरी मारली.

आयुष्यभर शेतकऱ्यांना पाळीचं पाणी देणाऱ्या माणसाला बायकोला नाही म्हणवेना. ते आत जाऊन आबांचा तांब्या भरून घेऊन आले.

मी मान वर केली आणि प्याले. पहिला क्षण मी विसरणार नाही. गार पाणी जिभेवरून गेलं आणि मला वाटलं, संपला आजार. मग ते नको त्या चारीला गेलं. मी नीट खोकूही शकले नाही. तिसऱ्या दिवशी ताप, छातीत घरघर, आणि पुन्हा दवाखाना. न्यूमोनिया. त्यातले चार दिवस मला आठवत नाहीत. आजोबांना आठवतात, पण ते सांगत नाहीत.

दोष घ्यायला सगळेच पुढे आले, आणि द्यायलाही. आजोबांच्या बहिणीने, शेवंता वन्संनी, डाळजहून येऊन भावाला दवाखान्याच्या दारातच झापलं. तुमच्या बाबांनी अमेरिकेहून फोन केला. फोनवर मी बोलू शकत नव्हते, म्हणून रिसीव्हरवर बोटाने एकदा टकटक केली की हो, दोनदा केली की नाही, असं आम्ही ठरवलं होतं. मिलिंद म्हणाला, "आई, हट्ट पुरे झाला. पुण्याला जा, पोटातच कायमची नळी बसवून घे. निदान तू राहशील तरी." मी दोनदा टकटक केली. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा दोनदा.

त्याचं चुकत नव्हतं. पोटातली नळी वाईट नसते. ज्यांना ती लागते त्यांना ती जगवते, हे मी पिंपळीच्या सुनेलाही सांगितलं. पण मला अजून हरायचं नव्हतं.

घरी आले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आजोबा माझ्यासमोर पाणी पीत नव्हते. तहान लागली की घरामागच्या नळावर जायचे, तिथे पिऊन, तोंड पुसून परत यायचे. मी पाटीवर लिहिलं, "इथे प्या." त्यांनी वाचलं आणि पाटी पुसली.

नाही

एप्रिलमध्ये पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथे गिळायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी अर्धा तास माझी तपासणी केली. मग म्हणाल्या, "जमेल असं वाटतंय मला. हनुवटी छातीला लावायची, मान डावीकडे वळवायची, मग गिळायचं. डावी वाट बंद होते, उजवीने जातं. आधी घट्ट पदार्थ, पाणी सगळ्यात शेवटी. पण पाणीसुद्धा असंच, मान खाली घालूनच."

मी पाटीवर लिहिलं, "नाही."

त्यांना वाटलं मान दुखते. मी पुन्हा लिहिलं, "मी मान खाली घालून पाणी पीत नाही." त्यांनी आजोबांकडे बघितलं. आजोबा खिडकीबाहेर बघत होते. बाईंनी शांतपणे सांगितलं, दुसरी पद्धत नाही. मान वर करून प्यालात तर पुन्हा न्यूमोनिया, आणि तो कदाचित शेवटचा. दोन महिने सराव करून या. नाही केला तर पोटातली नळी बसवू.

परतताना गाडीत मी खिडकीला डोकं टेकून बसले. मला माहीत होतं की ती मुलगी बरोबर सांगते आहे. मी इंग्रजी शिकलेली बाई, शरीरशास्त्र मला कळतं. पण डोळे मिटले की आबा अंगणात उभे दिसायचे.

डाळजच्या रानात

वाट वाकडी करून आजोबांनी भिगवणच्या पुढे डाळजला गाडी नेली. शेवंता वन्संना भेटून जाऊ म्हणाले. दुपारी लाईट होती म्हणून वन्सं उसात दारं धरून पाणी देत होत्या. दीड एकर, त्यांच्या स्वतःच्या नावावरचं. उजनीच्या पाण्यावरून आणलेल्या पाइपातून पाटात धो धो पाणी पडत होतं. खोरं बांधावर टाकून त्या आल्या.

"काय म्हनली डॉक्टरीण?"

आजोबांनी सांगितलं. मान खाली घालून प्यायचं म्हणते, आणि ही नाही म्हणते. वन्संनी माझ्याकडे बघितलं. का, म्हणून विचारलं. मी पाटीवर लिहिलं. वन्संना वाचता येत नाही, म्हणून आजोबांना वाचावं लागलं: "आबांनी सांगितलंय."

वन्सं हसल्या. पाइपाशी गेल्या, हात धुतले, ओंजळ धरली, कमरेत वाकून मान खाली घातली आणि पोटभर पाणी प्याल्या. तीन ओंजळी. तोंड पदराला पुसून सरळ उभ्या राहिल्या.

"ह्ये बगा वहिनी. मान खालीच हुती न्हवं? आता मला सांगा, वरनं कोण वतत हुतं?"

मी पाटी उपडी केली.

"तुमच्या आबांनी वतणाऱ्याचा हात काढला. तुमी मान धरून बसलाय." मग भावाकडे वळून म्हणाल्या, "लय शिकल्यावर असंच हुतंय, दादा. चला, च्या ठेवते. वहिनींना वास तरी घेऊ द्या."

हजर

घरी येऊन मी वेळापत्रक केलं. सकाळी दहा, दुपारी एक, संध्याकाळी पाच. सरळ पाठीची खुर्ची, समोर आरसा, टीव्ही बंद. पहिला पदार्थ घट्ट दही, अर्धा चमचा.

पहिल्या दिवशी हनुवटी छातीला लावली आणि मला माझे पाय दिसले. मी रडले. लपवत नाही. मग पुन्हा बघितलं. पायात माझ्या चपला होत्या आणि खाली माझ्या घराची फरशी, जिचा रंग मी स्वतः निवडला होता. मान डावीकडे वळवली आणि गिळलं. पाच वेळा चुकलं, सहाव्यांदा गेलं.

पुण्याच्या बाईंनी सांगितलं होतं की प्रत्येक घोटानंतर आवाज काढून बघायचा. ओला, बुडबुडणारा आला तर काहीतरी वर अडकलं आहे. खोकायचं आणि पुन्हा गिळायचं. नुसतं "आ" म्हणायचा मला कंटाळा आला, म्हणून मी माझ्या शेवटच्या वर्गाची हजेरी घ्यायला लागले. रोल नंबर एक, आशा. रोल नंबर दोन, इंदू. आवाज घोगरा असायचा, पण कोरडा आला की आजोबा शेजारच्या खोलीतून म्हणायचे, "हजर, बाई." ओला आला की गप्प बसायचे, आणि मी खोकायचे. एकदा त्यांच्याऐवजी दूध घालणाऱ्या तात्यांनी फाटकातूनच "हजर" म्हटलं. तेव्हा मी इतकी हसले की दही नाकातून आलं. त्या दिवसापासून तासाला हसणं बंद.

दह्यानंतर कुस्करलेलं केळं, नाचणीची आंबील, आरारूट घालून दाट केलेलं दूध. मग तांदळाची घट्ट खीर. सुजाता, तुझं नाव जिच्यावरून ठेवलं तिने किती दिवसांच्या उपाशी माणसाला पाणी दिलं नाही, खीर दिली. पुण्याच्या बाईंनीही तेच सांगितलं असतं.

सगळं सरळ झालं नाही. मे महिन्यात एकदा पुन्हा ताप आला, आवाज पार बसला आणि आठ दिवस तोंडाने सगळं बंद. तेव्हा मिलिंदने फोनवर पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा दोनदा टकटक केली. पण आजोबांनी त्याला हजेरीचं सांगितलं होतं. या वेळी तो म्हणाला, "बरं, आई. किती रोल नंबर झाले?" मी मोजून टकटक करत राहिले. बत्तिसाव्याला फोन कट झाला.

पाणी

जूनमध्ये पुण्याला गेलो. बाईंनी आधी दही बघितलं, मग दाट दूध. मग उठून काचेच्या ग्लासात दोन बोटं साधं पाणी आणलं आणि माझ्या तोंडाला लावायला पुढे केलं. मी त्यांचा हात थांबवला. पिशवीतून आबांचा तांब्या काढला, ग्लासातलं पाणी त्यात ओतलं आणि तांब्या दोन्ही हातांत धरला.

हनुवटी छातीला. मान डावीकडे. घोट. गिळलं.

बाई म्हणाल्या, "काहीतरी बोला."

मी म्हटलं, "रोल नंबर एक, आशा."

आवाज कोरडा होता. मागे भिंतीशी उभ्या असलेल्या आजोबांचा आवाज मात्र कोरडा नव्हता. "हजर," ते म्हणाले. बाईंना काही कळलं नाही. मग आजोबांनी ग्लासात कोपऱ्यातल्या माठातलं पाणी घेतलं आणि माझ्यासमोर उभं राहून पूर्ण ग्लास प्याले. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

नळी दोन आठवड्यांनी निघाली.

पिंपळीच्या सुनेला

तिला जे सांगितलं ते तुमच्यासाठीही लिहून ठेवते. कुणाच्या घरी कधी उपयोग होईल, सांगता येत नाही. झोपलेल्या आजाऱ्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते कितीही मायेने असलं तरी. बसवावं, सरळ. भरवताना त्याला बोलायला लावू नये, घाई करू नये, आणि नंतर अर्धा तास आडवं करू नये. पाणी सगळ्यात हलकं वाटतं, पण अशा आजाऱ्याला ते सगळ्यात अवघड. मान कुठे वळवायची ते प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून माझं बघून करू नका, शिकवणाऱ्या माणसाला विचारा. आणि आजाऱ्याला घरातल्यांबरोबर बसवा. माणूस वासानेही थोडा जेवतो. तिने विचारलं, सासू हट्टी आहे, काय करू? मी म्हटलं, हट्ट राहू दे, फक्त कशाचा धरायचा ते बघ.

सुजाता, आता तुझं उत्तर. मी ग्लासाला नमस्कार करत नाही. मी नमस्कार मोजक्या माणसांनाच करते. मान खाली घालते, कारण माझ्या घशाची डावी बाजू अजून बंद आहे. ती उघडणार नाही, असं गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं. वरून ओतणारं कुणी नाही. ग्लास असो, तांब्या असो, तो माझ्या हातात असतो.

काय राहिलं तेही लिहिते. आवाज घोगरा आहे. डाव्या गालाला स्पर्श नीट कळत नाही आणि उजव्या हाताला गरम कळत नाही, म्हणून तुमचे आजोबा माझा चहा आधी स्वतः चाखतात. भाकरी आमटीत भिजवून जाते. शेंगदाणे आणि पोहे गेले. आबांचा तांब्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी आहे. रोज सकाळचं पहिलं पाणी मी त्यातून पिते.

तुमची आजी